नाव सांगू नये

फाटकाला तारेनं बांधलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर लाल रंगानं लिहिलं होतं : 'मागची खोली किरायाने देणे आहे. नाव विचारले जाणार नाही. सांगू नये.'

ती पाटी वाचली आणि मी ऑटोवाल्याला थांबायला सांगितलं. त्या महिन्यात मी यवतमाळातली अकरा फाटकं उघडून पुन्हा लावली होती. घरमालकिणी फार गोड असतात. पाणी देतात, पंख्याखाली बसवतात, गाव विचारतात. फुलसावंगी म्हटलं की 'अगं बाई, आमच्या नणंदेचं सासर तिकडंच' असं म्हणून जवळ सरकतात. मग अगदी सहज, पदर सारखा करत, 'पूर्ण नाव काय म्हणालीस?' माझं नाव आणि बाबांचं नाव होईपर्यंत सगळं ठीक असायचं. आडनाव आलं की त्यांना एकदम आठवायचं, खोली पुतण्यासाठी ठेवली आहे. त्या पावसाळ्यात यवतमाळात जेवढे पुतणे येणार होते तेवढे खरंच आले असते, तर गावात उभं राहायला जागा उरली नसती.

आम्ही बौद्ध, आजोबांच्या पिढीपासून. आडनावावरून ते आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं.

सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये मला तंत्रज्ञाची नोकरी लागली होती. फुलसावंगीहून रोज ये-जा करणं शक्य नव्हतं, एसटीच्या प्रवासातच दिवस मोडतो. म्हणून आईच्या एका दूरच्या बहिणीकडे, दोन खोल्यांत राहणाऱ्या सात माणसांत आठवी म्हणून मी पथारी टाकत होते. बाबांनी निरोप धाडला होता, की महिनाअखेरपर्यंत खोली मिळाली तर ठीक, नाहीतर राजीनामा देऊन घरी ये. तरण्या मुलीनं असं कुणाच्या दारात पडून राहणं बरं नाही. बाबा एकदा बोलले की बोलले. माझ्या हातात नऊ दिवस उरले होते.

फाटकाशी आले ते उंच, काटकुळे गृहस्थ. अंगात बनियन, नाकावर घसरलेला चष्मा, आणि दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांवर घासणं चाललेलं, जसं काही त्यांच्यामध्ये काहीतरी धरलं आहे. मी सवयीनं म्हटलं, "नमस्कार, माझं नाव—"

"थांब!" त्यांनी दोन्ही कानांवर तळहात दाबले. "पाटी वाचली नाही का? सांगू नोको म्हणून लिवलं हाय ना मोठ्या अक्षरानं!"

मग बनियनच्या आत हात घालून त्यांनी पुठ्ठ्याचा एक चौकोनी तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. त्यावर सातचा आकडा होता. "हा तुहा नंबर. आजपासून तू सात नंबर. बस वट्ट्यावर."

पुढचे साडेचार महिने मी त्या घरात सात नंबर होते. त्यांना सगळे काकाजी म्हणायचे, म्हणून मीही.

काकाजी कापसाचे ग्रेडर होते. म्हणजे खरेदी केंद्राच्या यार्डात बैलबंड्यांची रांग लागायची, आणि प्रत्येक बंडीतला कापूस हातात घेऊन तो कोणत्या प्रतीचा ते हे ठरवायचे. अंगठ्यांची ती सवय तिथली. कापसाचा पुंजका दोन अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा, तुटेपर्यंत धागा किती लांबतो ते पाहायचं. यार्डात त्यांचा नियम असा, की बंडीवर फक्त नंबराची चिठ्ठी असेल आणि बंडीचा मालक वीस पावलं दूर उभा राहील. "मालाले पाहाव, मालकाले नाही," हे वाक्य ते दिवसातून चारदा तरी म्हणायचे, बऱ्याचदा गरज नसताना. काकूंनी भाजीवालीशी हुज्जत घातली तरी आतून हेच ऐकू यायचं.

मी गेले तोवर त्यांचं केंद्र बंद पडलं होतं. कापसाचे ते वाईट दिवस होते. यार्डात तरोटा माजला होता, काकाजींना मुदतीआधीच घरी बसवलं होतं, आणि सकाळचं वर्तमानपत्र ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं पहिलं पान आत दुमडूनच काकूंच्या हातात द्यायचे. हातपाय चालू असलेला माणूस रिकामा बसला की घरच्यांच्या डब्यांवर लेबलं चिकटवतो. यांनी घरामागच्या अंगणात सीताफळाच्या झाडाजवळ टिनाची एक खोली बांधली, पुढं छोटा व्हरांडा काढला, आणि तिला 'गेस्टहाऊस' म्हणायला सुरुवात केली. किरायेदार हा शब्द त्यांना चालत नसे. राहणारा तो पाहुणा.

हा पाहुणा निवडायचा कसा, यासाठी त्यांनी एक कायदाच केला होता. कधीतरी त्यांनी पेपरात वाचलं होतं, की परदेशात कुठंतरी घर किरायानं देताना मालकानं जात, धर्म, वंश बघून नाही म्हटलं तर कोर्ट त्याला दंड करतं. ते कात्रण त्यांनी देवघराच्या फळीखाली डकवलं होतं. "आपल्या इथी कायदा येईन तवा येईन," ते म्हणायचे, "तोवर माह्या आंगनापुरता मी केला." कलम एक, नाव विचारायचं नाही आणि ऐकायचंही नाही. कलम दोन, जो आधी आला तो आधी. कलम तीन, तीन मुठी.

तीन मुठी म्हणजे काय ते मी त्या आठवड्यात अंगावर अनुभवलं. बंडीत कापूस भरताना लोक चांगला वर आणि पिवळा, ओला, पाल्याचा खाली भरतात; म्हणून ग्रेडर वरून एक, मधून एक आणि हात कोपरापर्यंत खुपसून तळातून एक अशा तीन मुठी काढतो. काकाजी माणसाच्याही काढायचे.

वरची मूठ लगेच, ओट्यावरच.

"राग आला का काय करतं?"

"भांडी घासते."

"कोनाचे?"

"माझीच. दुसऱ्याची घासली तर राग वाढेल."

ते हसले नाहीत. "वरची मूठ चांगली हाय. पन वरची सगळ्यायचीच चांगली असते. परवा येजो."

परवा मी गेले तर मला दोन तास नुसतं बसवून ठेवलं. चहा नाही, पाणी नाही, बोलणं नाही. ते समोर खुर्चीत बसून पेपर वाचत होते आणि मधूनच चष्म्यावरून बघत होते. मी लॅबमधून आणलेलं एक जुनं मासिक काढून वाचत बसले. ही मधली मूठ.

तळातली मूठ काकूंच्या हाती होती. काकू ठेंगण्या, गोल, सतत काहीतरी निवडत बसलेल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्यापुढे डाळीचं सूप सरकवलं आणि आम्ही दोघी खडे काढत बसलो. काकाजी जरा पलीकडे गेल्याबरोबर काकूंनी मान न उचलता विचारलं, "तुमच्या इकडं लग्नात अक्षता कायच्या असतात वं?"

मी म्हटलं, "फुलांच्या."

"बरं हाय," त्या म्हणाल्या, "तांदूळ वाया जात नाही." आणि पुढचा खडा काढला.

तेवढ्यात फाटकाशी एक जीप थांबली. कापसाच्या त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात बाहेरचे लोक फार यायचे, वह्या घेऊन, कॅमेरे घेऊन. त्यातलेच हे तिघं, मोठ्या शहरातल्या कुठल्याशा संस्थेचे अभ्यासक. त्यांना तीन महिन्यांसाठी खोली हवी होती आणि काकाजी मागतील त्याच्या दुप्पट द्यायची तयारी होती. हे ऐकून माझ्या हातातली डाळ खाली सांडली. हे लोक खोली घेऊन जाणार, मी सोमवारी राजीनामा लिहिणार, असं मला अगदी स्पष्ट दिसायला लागलं.

त्यांच्यातल्या म्होरक्यानं अदबीनं खिशातून कार्ड काढून काकाजींपुढं धरलं. काकाजींनी डोळे गच्च मिटून घेतले.

"पहिले ते अंदर ठेवा."

"नाही, आमची ओळख म्हणून—"

"ओळख दाखवली का बाद! पाटीवर लिवलं हाय. अन् तसंबी तुमी रांगेत दुसरे. पहिली ते पोट्टी बसली, डाळ निवडून राह्यली." डोळे मिटलेलेच होते, त्यामुळे बोट दाखवलं ते सीताफळाच्या झाडाकडे. "सात नंबर, सामान कधी आनतं?"

मी त्याच दुपारी आणलं. एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि गादीची वळकटी.

खोली द्यायची ही रीत काही दरवेळी यशस्वी झाली नव्हती. माझ्या आधीचा पाच नंबर तिन्ही मुठींत उत्तम उतरला होता. गोडबोल्या, पहाटे उठणारा, काकूंना दळण आणून देणारा. आठ महिन्यांनी तो एका सकाळी गेला आणि जाताना छताचा पंखा घेऊन गेला. पंखा काढायला त्यानं काकाजींचीच शिडी मागून घेतली होती आणि शिडी धरून काकाजी स्वतः उभे होते. त्याला म्हणे पंख्याला तेल घालून आणायचं होतं. पोलिसांत तक्रार द्यायला गेले तेव्हा हवालदारानं चोराचं नाव विचारलं. काकाजी म्हणाले, "पाच नंबर." हवालदारानं चहा पाजून त्यांना परत पाठवलं.

नियम मात्र त्यांनी सोडला नाही. पोस्टमन कधी फाटकातून माझं नाव पुकारू लागला तर काकाजींना मोठ्यानं खोकला यायचा, आणि ते खोकत खोकत थेट न्हाणीत जायचे. माझे बाबा भेटायला आले तेव्हा तर कमाल झाली. दोघं तासभर पावसापाण्यावर, एसटीवर, भेंडीच्या भाजीवर मनापासून बोलले, आणि बाबा नाव सांगायला लागले तसे काकाजींनी त्यांना नंबर दिला. सात-अ. बाबा गावी जाऊन आईला म्हणाले, माणूस चक्रम आहे, पण पोरगी तिथं बरी राहील.

पुढं कित्येक वर्षांनी, मोतीबिंदूनं त्यांची नजर पार गेल्यावर, मी त्यांना एकदा यार्डाजवळच्या जिनिंगमधून कापसाची मूठ आणून दिली होती. त्यांनी ती अंगठ्यांत धरली, ओढली, आणि कोणत्या वेचणीचा, किती दिवस झाकून ठेवलेला, सगळं सांगितलं. मग ती मूठ त्यांनी परत दिली नाही. उशीखाली ठेवली.

पण त्या पहिल्या पावसाळ्यात हा माणूस नावाला एवढा का भितो, ते मला कळत नव्हतं. काकूंनी सांगितलं, श्रावणात, जवस भाजता भाजता.

"तुह्या काकाजीचा एक भाऊ होता. धाकटा. जीव होता दोघायचा एकमेकांवर. एका सालात त्याची बंडी आली यार्डात. चिठ्ठी होती, मालक दूर होता, सगळं बरोबर होतं. पन बैल घरचे ना! बैलानं हात चाटला यायचा."

"मग?"

"मंग काय. चारी बाजूनं लोक पाहून राह्यले होते. भावाले चांगली ग्रेड देली तं लोक म्हनतीन, पाहा, घरचा माल! म्हून यायनं पहिल्या प्रतीच्या कापसाले खालची प्रत लावली. भावानं काही म्हटलं नाही. बंडी खाली केली, बैल जुपले, गेला. तो पुन्हा या घरी आला नाही. त्याच्या मयतीले हे गेले तं माह्या जावेनं पानी नाही विचारलं."

काकूंनी जवसाची कढई खाली उतरवली. "तवापासून म्हनतात, माहीत झालं का माह्या हातात खोट येते."

हे ऐकल्यावर मला काकाजींबद्दल माया वाटायला लागली. त्यांच्या कानांवरच्या हातांचंही मला हसू येईनासं झालं. ते मला न ओळखता ओळखत होते, असं मी स्वतःला समजावून ठेवलं होतं. दसऱ्याला पांढरी साडी नेसून आई-बाबांबरोबर मी नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आले. परत आले तेव्हा काकाजी फाटकात उभे होते. साडी दिसताच त्यांनी पाठ फिरवली आणि सीताफळं मोजायला लागले. झाडाला एकही सीताफळ उरलेलं नव्हतं.

पण पलीकडच्या घरातल्या साहेबांनी पाठ फिरवली नव्हती. हे निवृत्त सुपरवायझर. कॉलनीतल्या कुठल्याही कामात यांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. त्यांनी ऑटोतून उतरणारी मी, माझी साडी आणि माझ्या हातातली बुद्धाची तसबीर असं सगळं नीट पाहून घेतलं होतं.

दसऱ्यानंतर यार्डात खरेदीचा मुहूर्त व्हायचा. पहिल्या बंडीपुढं नारळ फुटायचा. केंद्र बंद पडल्यापासून काकाजी त्या दिवशी घरामागं रोडग्यांचं जेवण घालायचे. जाडसर कणकेला तुपाचा हात लावून केलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, बरोबर वांग्याची भाजी आणि वरण. सगळी कॉलनी जेवायला यायची. पंगत बसायची ती माझ्या व्हरांड्यासमोरच, कारण मोकळी जागा तेवढीच.

आदल्या दिवशी साहेब आले. मी खोलीत होते, खिडकी उघडी होती.

"काकाजी, मागची पोट्टी पंगतीत बसनार हाय का?"

"बसन ना. काहून?"

"तुमाले माहीत नाही ते कोन हाय?"

काकाजींचे हात लगेच कानावर गेले. "मले माहीत नाही, मी इचारलं नाही, अन् तुमी सांगू नका."

"आमाले तं माहीत हाय ना! कानावर हात ठेवल्यानं दुनिया बदलते का? आमच्या घरची बाईमानसं तिच्या जवळ बसनार नाहीत. आजूबाजूचे चार घरंबी माह्यासंगच हायेत. पाहून घ्या काय ते."

साहेब निघून गेले. काकाजी तसेच उभे राहिले, कानांवर हात ठेवून. मी खिडकीशी थांबले होते एका वाक्यासाठी. ती बसेल, तुम्ही या किंवा येऊ नका, एवढं एकच वाक्य. ते म्हणाले होते ते फक्त, की मला माहीत नाही.

दिवेलागणीला ते व्हरांड्यापाशी आले. पाठ माझ्याकडे, तोंड सीताफळाकडे.

"सात नंबर, उद्या लय धूर होईन अंगनात. तुहं ताट खोलीतच पाठवतो. गरम गरम. वांग्याची भाजी वेगळ्या वाटीत."

अकरा फाटकांवर मला जे लागलं नव्हतं, ते त्या 'गरम गरम'नं लागलं. त्या घरमालकिणींकडून माझी काही अपेक्षाच नव्हती. या माणसाकडून होती. मी दार लावून घेतलं आणि ट्रंक पलंगाखालून ओढून बाहेर काढली. कपडे भरले. मग ट्रंकेवर बसून विचार केला, की न बोलता निघून गेले तर आणखी एका बंडीचा मालक मुकाट्यानं घरी गेला, एवढंच होईल.

सकाळी काकाजी अंगणातली जुनी राख काढून, जागा सारवून गोवऱ्या रचत होते. हात कोपरापर्यंत राखेनं आणि शेणानं भरलेले.

"काकाजी, ताट पाठवू नका. पंगतीत माझं पान मांडा. नाहीतर मी आज जाते."

"कुठी जातं?"

"फुलसावंगीला."

"अन् नौकरी?"

"ती इथंच राहील."

ते उकिडवेच बसून होते. "अवं, मी तुह्यासाठीच तं करून राह्यलो हे. मले नाव माहीत नाही म्हून मी कोनालेबी तोंड देऊ शकतो. एकडाव माहीत झालं का माह्या हाताचा भरोसा नाही. भावाचं सांगतलं ना हिनं तुले?"

"सांगितलं. भाऊ ओळखला म्हणून तुमची मूठ चुकली नाही, काकाजी. लोक बघत होते म्हणून चुकली. कालही साहेब बघत होते."

त्यांच्या हातातली गोवरी मोडली.

मला थांबता येईना. "मी लॅबमध्ये काम करते. नळीवर नुसता नंबर असला आणि नाव नसलं, तर ते रक्त आम्ही तपासत नाही. फेकून देतो. कारण ते कुणाचं आहे ते ठाऊक नसेल तर रिपोर्ट कुणाला देणार? तुम्ही मला खोली दिलीत, त्याचे उपकार आहेत. पण ती सात नंबरला दिलीत. मला नाही दिली. आता माझं नाव ऐका."

त्यांनी घाईनं हात कानांकडे नेले, आणि ते शेणानं भरलेत हे दिसताच मध्येच थांबले. मी नाव सांगितलं. माझं, बाबांचं, आणि आडनाव. सावकाश. त्या तीन शब्दांना किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी त्याच हातांनी काडी ओढून गोवऱ्या पेटवल्या. मग म्हणाले, "बाजूले हो. जाळ अंगावर येईन."

मी खोलीत आले. ट्रंक भरलेलीच होती. ती दाराशी आणून ठेवली.

बारा वाजता लोक आले. साहेबही आले, घरच्यांना घेऊन; काय होतं ते बघायचं असणार. पत्रावळी मांडल्या. माझी कुठं आहे ते कुणी सांगितलं नाही, म्हणून मी व्हरांड्याच्या पायरीजवळ, रांगेच्या अगदी टोकाला जाऊन बसले. बाजूची बाई उठून चार पानं पलीकडे सरकली. मी पत्रावळीच्या काड्या मोजत होते.

काकाजी रोडग्यांची टोपली घेऊन आले. आमच्याकडे वाढायला सुरुवात होते ती मानाच्या टोकापासून, आणि दरवर्षी त्या टोकाला साहेब असायचे. काकाजी साहेबांच्या पानावरून पुढं गेले. सगळी रांग ओलांडून माझ्यापुढं येऊन थांबले. एक रोडगा उचलला, राख झटकली, दोन अंगठ्यांनी फोडला, आणि यार्डात बंड्या पुकारायच्या आवाजात माझं नाव घेतलं. पूर्ण. बाबांच्या नावासकट, आडनावासकट.

"तूप किती वाढू?"

मी नुसती बोटं दाखवली, ती दोन की तीन तेही मला आठवत नाही.

साहेब उठले. त्यांच्या घरचे उठले. मग इकडून तिकडून आणखी आठदहा जण. "काकाजी, हे बरं नाही केलं," साहेब म्हणाले.

"ज्याले बसाचं त्यानं बसा, ज्याले उठाचं त्यानं उठा," काकाजी म्हणाले. आवाज आता नेहमीचा होता, जरा थकलेला. "रोडगे थंडे होऊन राह्यले."

रांगेत दात पडल्यासारख्या जागा रिकाम्या झाल्या. काकू वरणाचं भांडं घेऊन आल्या, रिकाम्या पानांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाप्पा! आता एवढं वरन कोन पिईन?" मग माझ्या पानावर दोन डाव वाढून नवऱ्याला म्हणाल्या, "अन् तुमी कायले एवढे घामाघूम झाले? मले तं डाळ निवडतानाच समजलं होतं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमीच तं लिवून ठेवलं, सांगू नये म्हून."

जे उरले होते ते सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं ते धुरावर खपून गेलं. यजमानानं शेवटी जेवायचं असतं. पण काकाजींनी टोपली खाली ठेवली, माझ्या बाजूच्या रिकाम्या पानावर मांडी घातली आणि काकूंना म्हणाले, "वाढ."

त्यांची भीती मात्र अगदीच खोटी नव्हती. माझं नाव माहीत झाल्यावर ते माझ्याशी जास्त कडक वागू लागले. यायला उशीर झाला की जाब विचारायचे, स्टोव्हचा भडका मोठा झाला की आतून ओरडायचे, माझ्या भाजीला मीठ जास्त असतं असं मला तोंडावर सांगायचे. साहेबांच्या घराशी बोलणं तुटलं ते तुटलंच. माझी बदली होईपर्यंत मी त्या खोलीत सहा वर्षं राहिले. त्या सहा वर्षांत पाण्याची मोटर बंद करायला मी विसरले, की काकाजी अंगणाच्या मधोमध उभे राहून मला हाक मारायचे, पूर्ण नावानं, आडनावासकट, चार घरं पलीकडं ऐकू जाईल अशी. खरं सांगायचं तर नंतर नंतर मी मुद्दामच विसरायची.